वावडं कुठल्या दारानं येतं?



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सोलापुरातली गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. एक बाई सात महिन्यांचं बाळ घेऊन दवाखान्यात आल्या. बाळाचे गाल लाल, सोलल्यासारखे, पायांवर कोरडे खरखरीत चट्टे. आईच्या मांडीवर झोपलेलं असतानाही त्याचा एक हात गालावर खाजवतच होता. पण माझं लक्ष आधी आईकडे गेलं. चेहरा ओढलेला, नखं पांढरी. मी विचारलं, तुम्ही काय जेवता? त्या म्हणाल्या, "तसं काय खात नाही मॅडम. शेंगा बंद केल्यात. दही, केळं, अंडं, वांगं, हरभऱ्याची डाळ, आंबट सगळं बंद. दूध बी नको म्हणल्यात घरात." मग उरलं काय? "भाकरी, अन् मुगाचं वरण."

सोलापुरात राहून सात महिने शेंगाचटणीशिवाय भाकरी खाल्लेली ही बाई. एवढं पथ्य पाळूनही बाळाचं इसब तसूभर हललं नव्हतं. त्यावरून घरात निष्कर्ष निघाला होता, की ही चोरून काहीतरी खात असणार.

आज मी जे बोलणार आहे ते त्या बाईंना आठवून बोलणार आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे ते डॉक्टर गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठत होतं त्या काळातले. पेशंटला तपासण्याआधी ते त्याच्या घरात काय शिजतं ते विचारत, असं जुनी माणसं सांगतात. मुलांची ॲलर्जी समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

ॲलर्जी हा शब्द आता मराठीच झाला आहे. पण त्याआधीही आपल्याकडे एक फार नेमका शब्द होता: वावडं. एकाला वांग्याचं वावडं, एकाला धुळीचं. इतरांना जे चालतं ते ह्याला चालत नाही, एवढं त्यात बरोबर आलं. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. ते बालरोगतज्ज्ञ होते हे मी मुद्दाम सांगते, कारण ही कल्पना मुलांच्या वॉर्डातच सुचली. त्या काळी घटसर्पासारख्या रोगांवर घोड्याच्या रक्तापासून केलेला प्रतिविषी रक्तद्रव (सीरम) टोचत. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांच्या लक्षात आलं, की काही मुलांना दुसऱ्यांदा टोचल्यावर ताप येतो, अंगावर गांधी उठतात, सांधे सुजतात, आणि हे सगळं पहिल्या वेळेपेक्षा लवकर होतं. म्हणजे पहिल्या भेटीत शरीर काहीतरी शिकलं होतं आणि दुसऱ्या भेटीत ते शिकलेलं बाहेर पडलं.

हे 'शिकणं' फार महत्त्वाचं आहे. ॲलर्जी तयार स्वरूपात जन्माला येत नाही. आईवडिलांकडून येतो तो कल. दोघांनाही दमा, सर्दी-शिंका किंवा इसब असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते, पण कल म्हणजे रोग नव्हे. रोग घडतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, बाळाची जगाशी ओळख होताना. दाणे, दूध, धूळ, परागकण ह्या निरुपद्रवी गोष्टी. त्यांना शरीर शत्रू समजलं, की त्यांच्याविरुद्ध एक खास प्रतिपिंड तयार करतं. त्याचं नाव आयजीई. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधल्या संशोधकांनी, ते शोधलं. निसर्गानं हे हत्यार बहुधा जंतांशी लढायला दिलं होतं. हे प्रतिपिंड त्वचेत, नाकात, श्वासनळीत, आतड्यात बसलेल्या मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ आला की त्या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात, हिस्टमिन बाहेर पडतं आणि काही मिनिटांत गांधी, शिंका, उलटी, घरघर सुरू होते.

मग प्रश्न असा, की शेंगदाण्याशी एका बाळाची मैत्री होते आणि दुसऱ्याचं वैर, असं का? गेल्या वीसेक वर्षांत याचं जे उत्तर हाती आलं, ते मला आमच्या शास्त्रातल्या अतिशय सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं. पदार्थ कोणता, यापेक्षा तो कुठल्या दारानं आत आला, याला महत्त्व आहे.

पोटाच्या दारानं आलेल्या गोष्टीला शरीर साधारणपणे पाहुणा मानतं. आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींचं कामच मुळी अन्न सोसायला शिकणं हे आहे. त्वचेचं तसं नाही. धड त्वचेतून अन्नाचा कण आत जातच नाही. गेलाच, तर त्याचा अर्थ भिंत फुटली आहे, आणि फुटलेल्या भिंतीतून आत येणारा चोरच असणार असं तिथल्या पेशी धरून चालतात. इसब झालेल्या बाळाची त्वचा म्हणजे चिरा गेलेली भिंत. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकात खोट असली तर इसब होण्याचा संभव पुष्कळ वाढतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून बऱ्याच मुलांत क्रम असा दिसतो: आधी इसब, मग अन्नाची ॲलर्जी, मग नाक आणि छाती. सगळीच मुलं या वाटेनं शेवटपर्यंत जात नाहीत, पण सुरुवात त्वचेपासून होते हे पालकांनी लक्षात ठेवावं.

२००३ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या जवळपास १४,००० मुलांचा एक अभ्यास गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पुढे आली: त्यांच्या खाजऱ्या त्वचेला शेंगतेल असलेली मलमं लावली गेली होती. आणि आई गरोदर असताना शेंगदाणे खात होती की नव्हती? त्याचा काही संबंध सापडला नाही. हे वाक्य मी त्या बाईंच्या सासूबाईंना समोर बसवून दोनदा सांगितलं.

आता आपल्या घरात येऊ. बाळाला आंघोळ घालणारी मावशी काय करते? तेलानं रगडते, मग डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून चोळते. चांगल्या त्वचेच्या बाळाला त्यानं काही बिघडत नाही. रगडून झाल्यावर ते बाळ कसं गाढ झोपतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण हेच डाळीचं पीठ फुटलेल्या, ओल सुटलेल्या गालावर रोज चोळलं तर? हरभरा ही आपल्याकडची अन्नाची मोठी ॲलर्जी आहे, असं मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट यांनी २००१ साली दाखवून दिलं. पाश्चात्त्य पुस्तकांच्या यादीत हरभरा तळाशी कुठेतरी असतो. तो आपल्या ताटातला प्रश्न आहे आणि आपल्याच डॉक्टरांनी तो मांडला. पिठानं चोळल्यामुळेच हरभऱ्याचं वावडं येतं असं सिद्ध झालेलं नाही. तरी इसबाच्या बाळाला पीठ लावू नका, असं मी ठामपणे सांगते. लाकडी घाण्याच्या शेंगतेलाबद्दलही तेच. हल्ली त्याचं कौतुक वाढलं आहे आणि ते भाजीला छानच लागतं. पण घाण्याच्या गाळलेल्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं राहतात, आणि चिरा पडलेली त्वचा ही त्यांची जागा नाही. अशा बाळाला कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ, अंग टिपून घेणं आणि ओलसर आहे तोवर भरपूर साधं मलम. दिवसातून दोनदा, तीनदा. सूज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम न घाबरता, सांगितलं तितके दिवस. भिंत लिंपायला उशीर करायचा नाही.

त्वचेचं दार लावलं, आता पोटाचं दार उघडायचं. आणि इथे आम्हा डॉक्टरांची चूक मला कबूल केली पाहिजे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं सल्ला दिला होता, की घरात ॲलर्जी असेल तर बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. जगभर तो पसरला. मीही तो दिला आहे, ह्याच शहरात. पुढे २००८ साली लॅक यांच्याच गटानं इस्राएल आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट जास्त निघाली. वंश सारखा, मग फरक कशात? इस्राएलमधली बाळं वर्षाच्या आतच बांबा नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ खातात. त्यावरून लंडनमध्ये प्रयोग झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणे नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळले. निकाल २०१५ मध्ये आला. टाळलेल्या गटात १७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाल्लेल्या गटात ३ टक्क्यांना.

तो निबंध वाचला त्या रात्री मला माझी आजी आठवली. उष्टावण झालं, की पुढच्या आठवड्यापासून ती दाण्याचा कूट मऊ भातात कालवायची. उखळात कुटून तेल सुटलेल्या चटणीतली तिखट नसलेली चिमूट वेगळी काढून ठेवायची. तिला आयजीई ठाऊक नव्हतं. पण ज्या घरात सकाळ-संध्याकाळ शेंगा कुटल्या जातात तिथे दाण्याचा कण हवेत, चादरीवर, आईच्या हातावर असतोच. तो बाळाच्या त्वचेला लागणारच आहे. अशा घरात बाळाच्या तोंडात मात्र दाणा जाऊ न देणं, म्हणजे एक दार सताड उघडं ठेवून दुसऱ्याला कुलूप लावणं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. बाळाला तीव्र इसब असेल, किंवा एखाद्या पदार्थानं अंगावर उठलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसरी गोष्ट अशी, की दाणा द्यायचा तो वस्त्रगाळ कूट करून, पेजेत, दह्यात, वरणात. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत हातात देऊ नका. अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला तो तीन महिने 'दम्या'ची औषधं घेऊन. खोकला, घरघर, रात्री धाप. छातीला नळी लावली तर डावीकडे हवा नीट जात होती, उजवीकडे जवळजवळ नाही. दमा असा एका बाजूला होत नाही. खोदून विचारल्यावर मोठ्या बहिणीला आठवलं, की भाजलेल्या शेंगा खाताना तो हसत पळत होता आणि एकदम ठसका लागला होता. दुर्बीण घालून शल्यचिकित्सकांनी श्वासनळीतून अर्धा दाणा काढला. साल गेलेला, फुगून मऊ पडलेला तो दाणा त्यांनी कापसावर ठेवून आईला दाखवला. त्या माउलीनं तो कापूस मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

अन्नाचं इतकं पुरे, आता स्वच्छतेकडे वळू. अस्वच्छतेनं ॲलर्जी टळते, असं अलीकडे फार ऐकू येतं. त्याचं मूळ १९८९ सालचं. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ मध्ये जन्मलेल्या १७,००० हून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी पाहिल्या. घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागकणांच्या सर्दीचा त्रास कमी. बर्लिनची भिंत पडल्यावर जर्मनीत तपासलं, तर धुरानं काळवंडलेल्या पूर्वेतल्या मुलांत ॲलर्जी कमी आणि स्वच्छ पश्चिमेत जास्त. २०१६ साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. एका समाजाची घरं गोठ्याला लागून, मुलं जनावरांत वाढलेली. दुसऱ्याची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर. वंश जवळजवळ एक. पहिल्या समाजात दमा ५ टक्के मुलांना, दुसऱ्यात २१ टक्के. ह्या अभ्यासांचं मोल मोठं आहे. पण त्याचा अर्थ गटार उघडं ठेवा असा कुणी काढला तर मी भांडेन. संरक्षण मिळतं ते गोठ्यातल्या, मातीतल्या, भावंडांच्या अंगावरच्या नाना तऱ्हेच्या सूक्ष्मजीवांच्या रोजच्या सहवासातून. जुलाब आणि विषमज्वरातून मिळत नाही. बाळाला गावाकडे न्या, शेळीच्या करडाशी खेळू द्या, आणि पाणी उकळूनच पाजा. विषाणूच्या साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, कारण त्यानं हाच चांगला सहवास उजाड होतो.

आता तिसरं दार, नाकातोंडाचं. इथे सोलापूरची हवा आणि सोलापूरचे धंदे येतात, म्हणून थोडं थांबते.

पूर्व भागातल्या, कुंभारीच्या कितीतरी घरांत आई दारात बसून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी रांगणारं मूल. दिवसभर खकाणा उडत असतो. मोठ्या माणसाला त्यानं ठसका लागतो. बाळाची श्वासनळी तर मुळातच बारीक. त्या बायकांना मी 'काम सोडा' असं कधीच म्हणत नाही. त्या हजार विड्यांवर घर चालतं. एवढंच सांगते, की सूप दाराबाहेर घ्या, बाळ आतल्या खोलीत ठेवा, उठल्यावर पदर बदला, हात धुवा. यंत्रमागाच्या शेडला लागून राहणाऱ्यांना सुताच्या तुसाबद्दल तेच. गिरण्यांतल्या कामगारांना कापसाच्या धुळीनं छाती आवळल्यासारखी व्हायची, सुट्टीनंतर कामावर आलं की अधिकच. तो आजार ॲलर्जीहून वेगळा. पण ज्या घरात आजोबांची छाती तशी गेली, तिथे नातवाची घरघर ऐकून काळजात धस्स होतं, हे मी जाणते.

आणि मग घरातला धूर. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, वेखंड-ओव्याची धुरी, सिगारेट-विडी, आणि रात्री डासांची कॉइल. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. मच्छरदाणी लावा. घराबाहेर पावसाळ्यात गाजर गवत फुलतं, त्याचे परागकणही याच दारानं येतात. १९५६च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं हे परकं तण आता आपल्या प्रत्येक मोकळ्या जागेत आहे. शाळेच्या आवारातलं गवत फुलायच्या आत उपटून टाकणं हे नगरसेवकांचं आणि पालकांचंही काम आहे. गादी-गोधडीतल्या धुळीच्या किड्यांना मात्र आपलं ऊन पुरेसं आहे. ट्रंकेतली चादर थंडी पडल्यावर थेट पांघरू नका. आधी दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात घाला, मग झटका.

प्रत्येक घरघर म्हणजे दमा का? नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ट्युसनच्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. तीन वर्षांच्या आत ज्यांना घरघर झाली त्यांतल्या साठ टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबली. ती विषाणूंच्या सर्दीची, बारीक श्वासनळ्यांची घरघर होती. पण ज्याला इसब आहे, आईवडिलांना दमा आहे, सर्दी नसतानाही जो रात्री खोकतो, हसल्यावर-पळल्यावर ज्याला धाप लागते, त्याची घरघर टिकण्याची शक्यता जास्त. त्याला 'बाळदमा, मोठा झाला की जाईल' म्हणून सोडून देऊ नका.

ह्या सोडून देण्याचा हिशेब फार कठोर आहे. नव्वदच्या दशकात ५६ देशांतल्या मुलांची मोठी पाहणी झाली, तीत आपल्याकडची अकोला, मुंबई, पुणे ही केंद्रं होती. दम्याच्या प्रमाणात भारत तळाच्या देशांत होता. आजही जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आजार कमी आणि मरण जास्त, याचं एक मोठं कारण माझ्या टेबलासमोर रोज बसतं: दम्याचं औषध श्वासातून देणाऱ्या पंपाची भीती. "मॅडम, पंप नको. पंपाची सवय लागती की वो. त्यापेक्षा गोळी द्या." मुलगी असली तर हळू आवाजात पुढचं वाक्य येतं, "लग्नाला अडचण होईल." मृग लागला की काही घरं मासा गिळवायला पोराला घेऊन हैदराबादची गाडी धरतात. मी त्यांना रागावत नाही. जिथे आशा दिसते तिथे आई जाते. पण त्या माशानं दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि परत आल्यावर पंप बंद होतो याचं मला भय वाटतं.

पंपाचं गणित साधं आहे. दहा किलोच्या मुलाला धाप लागल्यावर पोटातून स्टिरॉइड द्यायचं तर दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम द्यावं लागतं, आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. पंपातून रोज दिलं जातं ते साधारण ०.२ मिलिग्रॅम, तेही थेट श्वासनळीत. म्हणजे गोळीचा पन्नासावा, शंभरावा हिस्सा. घाबरायचंच असेल तर वरचेवर घेतल्या जाणाऱ्या गोळीला आणि 'खोकल्याच्या पुडी'ला घाबरा.

लहान मुलाला पंप थेट तोंडात ओढता येत नाही, मधे नळकांडं लागतं. त्याला स्पेसर म्हणतात. परवडत नसेल तर अडू नका. केपटाउनच्या डॉक्टर हेदर झार यांनी १९९९ साली दाखवलं, की पाण्याची साधी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली नीट बनवली तर विकतच्या स्पेसरइतकीच चालते. मी आज एक बरोबर आणली आहे. ही पाहा. बाटलीच्या बुडाला तापवलेल्या तारेनं पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं आहे. पंप बसवल्यावर फट राहता कामा नये, म्हणून कडेनं चिकटवलं आहे. बाटलीचं तोंड मुलानं ओठांत धरायचं. फार लहान असेल तर त्या तोंडाला मास्क बसवायचा. पंप एकदा दाबायचा, मुलाला सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, मग दुसऱ्यांदा दाबायचा. नंतर चूळ भरायची. भोक पाडायचं काम पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करा, माप चुकलं तर औषध बाहेरच जातं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईंचं बाळ आता दीड वर्षाचं झालं आहे. गाल भरून आले. गेल्या महिन्यात मी विचारलं, शेंगा खातो का? आईनं पिशवीतून डबा काढला. शेंगापोळी होती, एक त्याच्यासाठी कुस्करलेली आणि एक स्वतःसाठी. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. पोळी त्यांनीच लाटली होती.

बाटली इथे टेबलावर ठेवते. ज्यांना हाताळून पाहायची आहे त्यांनी पुढे या, मी थांबले आहे.